दिवाणी कोर्टाचा रिव्ह्यू: ९६ तारखा, ४ जज, १ एक्सेल शीट

आमच्या तालुक्याच्या कोर्टाला मॅपवर ४.१ स्टार आहेत. परवा अण्णांना सोडायला गेले होते तेव्हा बाहेर गाडीवर बसल्या बसल्या सगळे रिव्ह्यू वाचून काढले. एकाने झाडांची सावली छान म्हणून पाच दिलेत, एकाने पार्किंग नाही म्हणून दोन कापलेत, एकाचं नुसतंच 'गुड प्लेस', आणि तिघाचौघांनी गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याचं कौतुक केलंय. दावा किती वर्षं चालला, तारखेला ठरलेलं काम झालं का, साहेबांनी ऐकून घेतलं का, यावर एक अक्षर नाही. म्हणजे हॉटेलात जाऊन आलो आणि फक्त बेसिनबद्दल लिहिलं, तसं. म्हटलं आपणच लिहू, आपण तर जवळपास अकरा वर्षांचे गिऱ्हाईक.

आधीच सांगते, कोर्टाचं, तालुक्याचं, जजचं, वकिलांचं, कुणाचंच नाव लिहिणार नाही. भावाने पहिला ड्राफ्ट वाचून लगेच विचारलं, अगं अवमान-बिवमान होईल ना. तर कंटेम्प्ट ऑफ कोर्ट्स ॲक्ट १९७१ चं कलम ५ बघा, पूर्ण निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका केली तर तो अवमान धरत नाहीत. आमचं तर वर अपील चालू आहे, त्यामुळे कोण बरोबर कोण चूक याला मी हातच लावत नाही. मी फक्त सर्व्हिसबद्दल बोलतेय.

दावा साधा आहे. शेजारच्या गटवाल्याने बांध कोरत कोरत साडेचार गुंठे आत घेतले असं आमचं म्हणणं, आणि त्याचं म्हणणं अर्थातच वेगळं. जून २०१३ ला दाखल, एप्रिल २०२४ ला निकाल. दहा वर्षं दहा महिने. दाखल केला तेव्हा अण्णा एकसष्टचे होते आणि मोटारसायकलवर एकटे जायचे, आता मी स्कूटरवर मागे बसवून नेते.

मी अकाउंट्सचं काम करते त्यामुळे मला सवय आहे, जे मोजता येतं ते मोजून टाकायचं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख नंबर) टाकला की केसचा इतिहास उघडतो, कुठल्या तारखेला कोण जज होते, केस कशाला होती, पुढची तारीख कुठली, आणि तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज. ते घेऊन बसले, जिथे शंका वाटली तिथे रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीची, नक्कल काढली, आणि दोन रविवार घालवून शीट केली. एकूण ९६ तारखा. आता हिशेब बघा.

साहेब रजेवर, ट्रेनिंगला किंवा जागाच रिकामी: १९. समोरच्यांनी तहकुबी मागितली: २३. आम्ही मागितली: १४ (हो, आम्ही पण, त्यावर येते). बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) भरलेलं होतं म्हणून 'वेळेअभावी': १२. वकील मंडळी कामकाजापासून अलिप्त: ४. कोविडमध्ये परस्पर पडलेल्या तारखा: ८. आणि ज्या दिवशी केस ज्या कामासाठी लावली होती ते काम खरोखर झालं असे दिवस: १६.

सहातली एक.

हा आकडा मी अण्णांना दाखवला तर ते म्हणाले सोळा? मला वाटलं दहा-बारा असतील. म्हणजे त्यांचा अनुभव माझ्या शीटपेक्षाही वाईट होता, कारण त्यांना आठवतात ते फक्त बाकावर बसलेले दिवस.

आमच्या १४ बद्दल. सगळा दोष समोरच्यावर आणि सरकारवर टाकून मोकळं व्हायला मला पण आवडलं असतं, पण शीट खोटं बोलत नाही. आमचे वकीलसाहेब पाच वेळा जिल्ह्याच्या कोर्टात दुसऱ्या मॅटरला होते, दोनदा त्यांच्या घरी लग्न होतं, तीनदा साक्षीदार आला नाही (तो साक्षीदार माझा सख्खा मामा), आणि एकदा अण्णाच तारीख विसरले. उरलेल्या तीन तारखांना का मागितली ते आम्हालाच माहीत नाही, आम्ही तर हजर होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ मध्ये स्वच्छ लिहिलंय की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, २००२ पासून आहे ते. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात खिडकी ठेवली, कारण खरंच माणसाच्या हाताबाहेरचं असेल तर देता येईल. आमच्या दोन्ही बाजूंच्या मिळून ३७. सगळ्या काही सुनावणीच्या टप्प्यावरच्या नव्हत्या हे मान्य, पण मामाचं ऊस तोडायला माणसं आली होती हे हाताबाहेरचं कारण आहे का ते तुम्हीच ठरवा. कोर्टाने ते मान्य केलं, दोनशे रुपये कॉस्ट लावून. दोनशे रुपयांत एक तारीख मिळत असेल तर कोण घेणार नाही?

आता जज. दहा वर्षं दहा महिन्यांत चार झाले, कारण साधारण तीन वर्षं झाली की बदली.

पहिले साहेब दोन वर्षं, १७ तारखा, ३ दिवस काम. फार आठवत नाहीत. प्रत्येक वेळी 'बसून मिटवा ना' म्हणायचे आणि लोक अदालतीची तारीख द्यायचे. माणूस चांगला होता बहुतेक. समोरच्यांची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, तीस दिवसांत यायला पाहिजे, फार तर नव्वद, ती आली चौदा महिन्यांनी आणि घेतली गेली. निशाणी पाचचा अर्ज, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम, त्यावर मात्र वेळेत आदेश दिला. तीन स्टार.

दुसरे साहेब, २०१५ ते २०१८, ३१ तारखा, २ दिवस काम. आता गंमत ऐका, हे साहेब बारमध्ये, म्हणजे वकिलांमध्ये, सगळ्यात फेमस. फास्ट. ऐंशी-नव्वद मॅटरचं बोर्ड बारा वाजेपर्यंत पुकारून मोकळे. 'वादी हजर? प्रतिवादी हजर? वेळ दिला, पुढे.' आमचा पुकारा व्हायचा, अण्णा चप्पल घालून दारापर्यंत पोचेपर्यंत तारीख पडलेली असायची. त्यांना एकदा पट्टेवाल्याने सांगितलं, काका तुम्ही कशाला उठता, वकील घेतील तारीख. मी तेव्हा आमच्या वकीलसाहेबांना विचारलं की एवढे फास्ट साहेब आहेत तर आपलं का हलत नाही, तर ते हसून म्हणाले ताई, महिन्याचे युनिट भरायचे असतात त्यांना.

युनिट हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खालच्या कोर्टांवर देखरेख हायकोर्टाची, घटनेचं कलम २३५. जजचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो, आणि किती निकाल दिले हे मोजायला युनिट. प्रत्येक हायकोर्टाचा तक्ता वेगळा आहे, पण साधारण धोरण असं की दोन्ही बाजूंनी लढवलेल्या केसच्या निकालाला जास्त, तडजोडीला किंवा एकतर्फीला कमी. कागदावर एकदम बरोबर वाटतं. आता साहेबांच्या खुर्चीत बसून बघा. समोर एक २०१३ चा बांधाचा दावा आहे, सात साक्षीदार, दोन नकाशे, चार दिवस उलटतपास, मग आर्ग्युमेंट, मग चाळीस पानं निकाल. शेजारी तडजोड पुरसिस (आपसात मिटल्याचा कागद) घेऊन उभे असलेले दहा जण आहेत, प्रत्येकाला दहा मिनिटं. महिना संपायला चार दिवस राहिलेत. तुम्ही कुठली फाइल उचलाल? मी पण तीच उचलेन. मार्च एंडला मी पण सोपी व्हाउचर आधी मारते.

म्हणून मी त्या साहेबांना शिव्या देणार नाही. त्यांना जे मोजून दाखवायला सांगितलं ते त्यांनी दाखवलं. पण गिऱ्हाईक म्हणून माझा स्टार एकच.

तिसऱ्या मॅडम. २०१८ ते २०२१, २६ तारखा, त्यातल्या ८ कोविडच्या, म्हणजे उरल्या १८, आणि काम झालं ६ दिवस. तीनातली एक. यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे.

मॅडम आल्या आणि पहिल्या आठवड्यातच बारमध्ये कुजबुज, स्लो आहेत. कारण त्या अकरा वाजता डायसवर बसल्या की आधी पूर्ण बोर्ड वाचायच्या आणि तिथल्या तिथे सांगायच्या, आज या पाच मॅटरमध्ये काम होणार, बाकीच्यांनी तारीख घेऊन घरी जा, थांबू नका. अकरा वाजून वीस मिनिटांनी कोर्ट निम्मं रिकामं. ज्यांना थांबवलं त्यांचं काम होणार म्हणजे होणार. अण्णांना पहिल्यांदा असं घरी पाठवलं तेव्हा ते वैतागले, म्हणाले हिने तर ऐकलंच नाही, मग बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साडेअकराची एसटी मिळतेय. दुसऱ्या साहेबांच्या वेळी त्याच तारखेसाठी बारा वाजायचे.

मग आमचा नंबर त्या पाचात लागला. भूमि अभिलेखच्या मोजणीदाराला कोर्ट कमिशनर नेमून मोजणी झाली होती, मोजणीच्या नकाशाची क-प्रत आलेली, आणि त्याचा उलटतपास होता. समोरचे वकील पाऊण तास फिरवत होते, साखळीने मोजलं की मशीनने, उन्हात मोजलं की सावलीत, असं काय काय. मॅडमनी मध्येच नकाशा मागवला, टेबलावर आडवा घातला, मग उलटा फिरवला, उत्तर दिशा कुठे ते बघितलं, आणि मोजणीदाराला दोनच प्रश्न विचारले. हद्दीच्या खुणा तुम्हाला कोणी दाखवल्या? आणि जुन्या मोजणीचा दगड जागेवर सापडला का? तो गप्प. मग म्हणाला दगड सापडला नाही, खुणा पार्ट्यांनी दाखवल्या. कुठल्या पार्टीने? आता दोन्ही वकील गप्प. मॅडमनी स्टेनोला ते सगळं जसंच्या तसं घ्यायला लावलं, उत्तर वाचून दाखवलं, मोजणीदाराला विचारलं बरोबर घेतलंय का, आणि जेवणाची सुट्टी झाली.

ते उत्तर कुणाच्या फायद्याचं होतं हे मी सांगणार नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा कोर्टात कुणीतरी आमचा बांध बघितला असं वाटलं. अण्णा त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता बाकावर बसून होते. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले तिने नकाशा उलटा केला बघितलंस का, उत्तर खाली होती त्या कागदावर, मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

माझ्यासाठी पाच स्टार. आणि बारच्या हिशेबाने मॅडम आधीच्या साहेबांपेक्षा मागे, कारण निकालांची संख्या कमी. त्यांच्या गोपनीय अहवालात काय लिहिलं गेलं मला माहीत असण्याचं कारण नाही, पण त्या सहा दिवसांसाठी कुठल्याही तक्त्यात रकाना असेल असं वाटत नाही. कारण त्यांच्या काळात आमचा निकाल लागलाच नाही. पेरणी, खुरपणी त्यांची आणि युनिट पुढच्याच्या खात्यात.

पुढचे म्हणजे चौथे साहेब. २२ तारखा, ५ दिवस काम. शांत माणूस. आर्ग्युमेंट ऐकलं, मध्ये कुणाला फार तोडलं नाही, आणि सत्ताविसाव्या दिवशी निकाल दिला. हे लिहिण्यासारखं आहे, कारण संहितेत तीस दिवसांत निकाल द्या असं म्हटलंय, अपवाद म्हणून साठ. आणि वरच्या कोर्टातसुद्धा निकाल राखून ठेवून विसरायचं प्रमाण एवढं झालं होतं की २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, तीन महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकार अर्ज करू शकतो, सहा महिने झाले तर दुसऱ्या बेंचकडे द्या म्हणू शकतो. आमचे साहेब २७ दिवस. निकाल ४१ पानी, मुद्दा क्रमांक एक ते सात, प्रत्येकाला होकारार्थी किंवा नकारार्थी आणि त्याची कारणं, मॅडमनी नोंदवलेलं ते उत्तर पान २३ वर पूर्ण घेतलेलं. हरलेल्या माणसालासुद्धा आपण का हरलो ते वाचून कळेल असा निकाल. बदलीच्या सीझनच्या बरोबर तोंडावर दिला, म्हणजे पाचव्या साहेबांपुढे पहिल्यापासून आर्ग्युमेंट करायची वेळ आली नाही, यासाठी तर त्यांना वेगळा नमस्कार.

फक्त हुकूमनाम्यात (निकालावरून निघतो तो हुकूम) गट नंबर ११८ चा १८१ झाला. टायपिंगची चूक. ती दुरुस्त करायला अर्ज, त्यावर समोरच्यांचा से (लेखी म्हणणं), से द्यायला वेळ, मग साहेब बदलून गेलेले, नवीन साहेबांना फाइल वाचायला वेळ, असे पाच महिने. दोन आकडे इकडचे तिकडे करायला पाच महिने. चार स्टार, निकालासाठी. दुरुस्तीचा स्टार कापला.

तर आता मूळ प्रश्न, कोर्टाचं मोजमाप करायचं कशावर?

हरलो म्हणून एक स्टार, जिंकलो म्हणून पाच, असं केलं तर त्याला काही अर्थ नाही, कारण प्रत्येक दाव्यात कुणीतरी हरणारच. उद्या जजला ॲपवर रेटिंग द्यायची सोय केली तर सरासरी तीनवर येऊन बसेल आणि वर गावात ज्याच्याकडे पोरं जास्त त्याच्या बाजूने मतं पडतील. वर किती निकाल फिरले हे मोजा म्हणतात काही जण, पण त्याने जज वरच्या कोर्टाला काय आवडेल तेच लिहायला लागेल. आणि नुसती निकालांची संख्या मोजली की काय होतं ते दुसऱ्या साहेबांच्या वेळी बघितलंच.

बाहेर काही ठिकाणी हे करून बघितलंय. अमेरिकेत अलास्का राज्यात १९७० च्या दशकापासून जजचं मूल्यमापन करून मतदारांसमोर ठेवतात, तिथे जजला खुर्चीत ठेवायचं का यावर लोक मत देतात म्हणून. वकिलांना विचारतात, पोलिसांना, ज्युरीवर बसलेल्यांना, कोर्टाच्या स्टाफला. युटा राज्यात तर साधी माणसं कोर्टात जाऊन मागे बसतात आणि बघतात की जजने ऐकून घेतलं का, समजावून सांगितलं का, माणसाला माणसासारखं वागवलं का. निकाल बरोबर की चूक हा त्यांचा विषयच नाही. जजला मत देऊन बसवायची पद्धत आपल्याकडे नको रे बाबा, पण ती मागे बसून बघायची आयडिया मला फार पटली. आमच्याकडे कोर्टात मागे बसून बघणारे आधीच भरपूर आहेत, अण्णांसारखे, अकरा वर्षं. फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि अमेरिकेतच कोर्टांसाठी दहा मापांचा एक संच बनवलाय, कोर्टूल्स नावाचा, २००५ मध्ये. त्यातलं एक माप वाचून मी खुर्चीतून उठलेच. सुनावणीची जी तारीख दिली त्या तारखेला सुनावणी खरंच झाली का, एवढंच. माझ्या एक्सेलचा शेवटचा रकाना! मला वाटत होतं मी काहीतरी वेड्यासारखं मोजतेय.

आपल्याकडे आकडे नाहीत असं अजिबात नाही, उलट भरपूर आहेत आणि कौतुकच आहे. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड २०१५ पासून आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टपण त्यावर आलं. देशात सगळे मिळून पाच कोटींच्या वर केसेस तुंबल्यात हे कुणीही घरबसल्या बघू शकतं, राज्य उघडा, जिल्हा उघडा, तुमचं कोर्ट उघडा, एक वर्षाच्या आतल्या किती, दहा वर्षांच्या वरच्या किती, सगळं आहे. यासाठी साडेचार स्टार आणि ते मनापासून. पण तिथे मोठ्या अक्षरात दिसतं ते काय, किती दाखल, किती निकाली, किती शिल्लक. वर्षात शंभर दाखल आणि शंभर निकाली म्हणजे कोर्ट शंभर टक्के, शाब्बास. त्या शंभरात सगळी यंदाची सोपी प्रकरणं असतील तर २०१३ चा दावा होता तिथेच, आणि कोर्ट पास. तारखेला ठरलेलं काम झालं का हा आकडा समोर ठेवत नाहीत. माहिती सगळी रोजनाम्यात पडलीय, मी दोन रविवारात काढली, एका केसची. कॉम्प्युटरला किती वेळ लागेल.

साहेबांच्या बाजूने पण बोललं पाहिजे. ती 'वेळेअभावी'ची १२ आणि रिकाम्या खुर्चीची १९ ही काही कुठल्या जजची चूक नाही. १९८७ मध्ये लॉ कमिशनने सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे साडेदहा जज आहेत, ते पन्नास करा. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये तेच पुन्हा सांगितलं, पाच वर्षांत करा. आज मंजूर पदं धरली तरी एकवीसच्या आसपास, आणि मंजूर म्हणजे भरलेली नव्हेत. एका माणसासमोर रोज ऐंशी मॅटर टाकायचे आणि मग त्याची गुणवत्ता तपासायची, हे म्हणजे एका कंडक्टरला चार एसटी द्यायच्या आणि तिकीट राहिलं म्हणून मेमो द्यायचा.

बाकी सर्व्हिस पटापट. शिरस्तेदार: चांगले, विचारलं तर नीट सांगतात, तीन वाजेपर्यंत. बेलिफ: समन्स बजावायला समोरचा कधीच घरी सापडला नाही, मला मात्र तो रोज चौकात दिसायचा. नक्कल विभाग: अर्ज केल्यावर आठ दिवसांत मिळाली, एकदाही खेप वाया गेली नाही, पाच स्टार. बसायला बाक: कमी. पंखे: आहेत. पाणी: घरून न्या. बायकांचं टॉयलेट: मी अकरा वर्षांत दोनदा वापरलं, यावरून समजा. झेरॉक्सवाला: खरंच चांगला आहे, मॅपवर लिहिलंय ते बरोबर आहे.

आणि दरखास्त. हा भाग नवीन लोकांना माहीत नसतो. निकाल लागला म्हणजे जमीन मिळाली असं नाही, हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायला वेगळी दरखास्त लावायची, तिला वेगळा नंबर, वेगळ्या तारखा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. मग २०२५ मध्ये देशभरातून आकडे मागवले तर ८ लाख ८२ हजारांच्या वर दरखास्ती पडून. मूळ दाव्याचा निकाल लागला तेव्हा आमची फाइल 'निकाली'मध्ये गेली, चौथ्या साहेबांना युनिट मिळाले, कोर्टाची टक्केवारी सुधारली, आणि बांध आहे तिथेच आहे. आमची दरखास्त लागलीय, समोरच्यांनी अपिलात स्थगितीचा अर्ज दिलाय, त्यामुळे ती पण थांबलीय.

नवीन दावा लावणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. वकिलांना तारीख काय पडली एवढंच विचारू नका, केस कशाला आहे ते विचारा, एव्हिडन्सला, आर्ग्युमेंटला, की नुसती से ला. आणि पहिल्या दिवसापासून वही करा, तारीख, कशाला होती, काय झालं, नाही झालं तर कोणामुळे. आम्ही वही केली असती तर मामाला पहिल्याच वर्षी गाडीत घालून आणलं असतं.

एकूण स्टार: अडीच. मॅडमचे पाच धरून.

अपडेट: काल जिल्हा कोर्टात स्थगितीच्या अर्जावर तारीख होती. साहेब हजर, दोन्ही वकील हजर, पंचवीस मिनिटं ऐकून घेतलं, कुणी तहकुबी मागितली नाही, आदेश सोमवारी. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, लिही आजचा. अपिलासाठी नवीन शीट उघडलीय, पहिल्याच ओळीत 'काम झालं' टाकलं. स्टार अजून वाढवलेले नाहीत.